दिवसा लावलेलं दार

भागीरथाबाईनं ओच्यातून सुतळीची गुंडी काढली, रंधा मारायच्या लांब टेबलावर ती ताणली आणि गाठींवर दोन बोटं दाबून धरली.

"इथून इथवर उंची. आन् ही मधातली गाठ, ते रुंदी. आता सांग मिस्त्री, करवत कुठं लावू?"

अमरसिंग मिस्त्रीनं आधी सुतळीकडं पाहिलं, मग बाईकडं. आर्णीतल्या त्याच्या फर्निचरच्या दुकानामागं टिनाची शेड होती. दिवसभर तिथं गिऱ्हाइकांचे पलंग आणि कपाटं होत, दिवेलागणीला शेड हौशी लोकांच्या ताब्यात जाई. बँकेतली समीक्षा मोबाइल उभा करायचा स्टँड करत होती. औषधाच्या दुकानातला पियुष चिमण्यांसाठी घरटं करत होता. त्याच्या घरट्याचं भोक एवढं मोठं झालं होतं की कावळासुद्धा जरा मान वाकवून आत गेला असता. सगळे अमरसिंगला 'सर' म्हणत. भागीरथाबाई मिस्त्री म्हणे. लाकूड कापणाऱ्याला सर म्हणायचं, तर मग कागद कापणाऱ्याला काय म्हणायचं, असा तिचा सरळ सवाल होता.

"काकू, दार मांगून करू. नवा मानूस पहिले चौरंग करते. त्यानं हात बसते."

"चौरंगावर मी काय बसू, सत्यनारायण म्हनून?"

समीक्षा फसकन हसली.

"तू हासू नोको वं. फोनले बसाले जागा करून राह्यली तू. फोनचे पाय दुखते का?"

समीक्षानं ओठ दाबून मान खाली घातली. अमरसिंगनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली.

"दार म्हंजे लई काम हाये, काकू."

"चौरंग नाही म्हून माह्यं काही अडलं नाही, बाप्पा. दार नाही म्हून अडलं."

ते खरंच होतं. लेकानं, राजदीपनं, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा सगळ्या खोल्यांना दारं लागली. भागीरथाबाईच्या खोलीला चौकट बसली आणि दार मागून लावू म्हणून राहिलं. तेवढ्यात ती न्हाणीत पडली. आतून कडी लावलेली, हाकेला उत्तर नाही. राजदीपनं खांदा मारमारून दार फोडलं. तिला काही विशेष लागलं नव्हतं, पण तिला उचलताना तिच्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता. त्या दिवसापासून मागून लावायचं दार कधीच न लावायचं झालं आणि चौकटीत फुलाफुलांचा पडदा आला.

पडदा म्हणजे काय, हे पडद्यामागं राहणाऱ्यालाच कळतं. पंखा लावला की तो पोट फुगवून हॉलमध्ये जाई. राजदीपचं कृषी केंद्र. दुकानातली अर्धी गिऱ्हाइकं घरीच येत, सोफ्यावर बसून बियाण्यांच्या आणि फवारणीच्या गोष्टी करत, आणि त्यांना आत बाजेवर लवंडलेल्या बाईचे तळपाय दिसत. लुगडं बदलताना ती पडद्याची कड पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरी. एक दिवस एका गिऱ्हाइकानं मान आत घालून "काय आजी, तब्येत बरी हाये नं?" असं विचारलं, तेव्हा तिच्या अंगात चोळीची एकच बाही होती. तिनं त्याच्या सात पिढ्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि त्याच संध्याकाळी सुतळीला गाठी मारल्या.

"लाकूड कोनतं घेता?" अमरसिंगनं विचारलं. त्याला कळलं होतं की ही बाई चौरंग करणार नाही.

"हाये माह्याजवळ."

दुसऱ्या दिवशी शेडसमोर मालवाहू ऑटो थांबला. त्यात सागवानी फळ्या होत्या, कडेनं झिजलेल्या, एकीवर अजून वंगणाचा काळा डाग. अमरसिंगनं नखानं डाग खरवडला आणि वास घेतला.

"बैलबंडी फोडली का काय, काकू?"

"बैल इकले तवापासून गोठ्यात उभी होती. माह्या मालकानं घडवून घेतली होती. बसून बसून माह्यावानीच तिचे सांधे आखडले."

फळ्या उतरवून होतात न होतात तोच राजदीपची मोटरसायकल आली. हेल्मेट हातातच धरून तो शेडमध्ये शिरला.

"आई, बंडी कुठं गेली?"

भागीरथाबाईनं फळ्यांकडं हनुवटी उडवली.

"अवं, मी ते रंगवून दुकानासमोर ठेवनार होतो! लोकं फोटो काढतात. शोभा येते."

"शोभेले ठेवाचं तं मले ठेव. बंडीपेक्षा जुनी हावो मी."

पियुषनं घरट्यात तोंड खुपसलं. राजदीपनं आवाज खाली आणला. हट्टी आईशी वाद घालायला तो नेहमी हळू बोले, आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

"आई, मी काही तुह्या वाईटावर हावो का? पुन्हा पडली तं? आतून कडी लावलेली असन, मी दुकानात असन. कोन पाह्यन?"

"पडन तं पडन. मेलेल्या मानसाले परदा चालते रे. जित्याले दार लागते."

"आन् तूच सांगे नं? चांगल्या घरचे दारं दिवसा उघडे राह्यतात. दीपा नवी होती तवा तिनं जराशी कडी लावली, तं तू अख्ख्या आळीले आयकवलं. दिवसाढवळ्या कडी कायले लागते म्हने."

शेडमधली करवत थांबली. सगळ्यांची तोंडं आपापल्या लाकडाकडं होती आणि कान इकडं.

"म्हनली असन," भागीरथाबाई म्हणाली. "तवा मले दार होतं."

राजदीपनं हेल्मेट डोक्यात घातलं, पुन्हा काढलं.

"ठीक हाये. कर तुह्यं दार. पन एक डाव, फक्त एक डाव जरी तू आंदर फसली, त्याच दिवशी बिजागऱ्या खोलीन. ते दार दुकानासमोर उभं करीन आन् इथं पुन्हा परदा. मंजूर?"

"मंजूर. अंगठा पाह्यजे का? हे घे, दोन्ही हाताचे."

मग भागीरथाबाई रोज संध्याकाळी शेडवर जाऊ लागली. कापूस वेचून, भारे उचलून तयार झालेले तिचे हात. त्यांना जोर कसा लावायचा ते कोणी शिकवायची गरज नव्हती, न लावायचं शिकवावं लागलं. पहिल्या दिवशी तिनं रंधा असा रेटला की पातं फळीत रुतून बसलं. अमरसिंगनं रंधा सोडवला, तिचा तळहात धरून फळीवरून फिरवला.

"या रेघा पाहा. त्या जिकडे जातात तिकडे रंधा न्या. उलटा नेला तं लाकूड केस उपटल्यावानी उठते."

"सुनेसारखं."

"मंग तुमच्या सुनेलेच इचारा लागन," अमरसिंग म्हणाला, "रंधा उलटा चालते का सुलटा."

भागीरथाबाईनं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. या मिस्त्रीला जीभ आहे, हे तिला आवडलं. पण तसं दाखवायची तिची रीत नव्हती. ती म्हणाली, "बोलत जाऊ नोको. काम कर."

हळूहळू रंध्यातून लांब, पातळ ढलप्या निघू लागल्या. त्या तिच्या पायाशी कुरळ्या होऊन पडत. वंगणाखालून पिवळं, तेलकट सागवान वर आलं, तेव्हा तिनं रंधा खाली ठेवला. पदरानं फळी पुसली. मग समीक्षावर ओरडली, "पाहून काय राह्यली? ते दुसरी फळी सरकव इकडे."

फळ्या जोडल्या, मागून तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या. शेवटचं माप घ्यायच्या दिवशी दोघांचं वाजलं.

"बाजूनं एवढी फट ठेवा लागन," अमरसिंगनं खिशातून रुपयाचं नाणं काढून उभं धरलं. "हे सरकलं पाह्यजे. हवेनं लाकूड फुगते."

"फट नोको."

"काकू, दाराले फट असतेच."

"फटीतून डोळे येतात, कान येतात. फटच पाह्यजे होती तं परद्यानं काय घोडं मारलं होतं? आन् ही बंडी किती पावसाळे भिजली, तवा नाही फुगली. आता मरनाच्या वक्ती फुगते का?"

"बंडीले चौकट नव्हती, काकू."

"मिस्त्री, दार कोनाचं?"

"तुमचं."

"मंग?"

अमरसिंगनं नाणं खिशात टाकलं. तांड्यावरच्या त्याच्या म्हाताऱ्या याडीशीही तो असाच हरत असे. आईपुढं हरायची त्याला सवय होती, त्यामुळं त्यानं मनाला लावून घेतलं नाही. जाताना मात्र एक जुना रंधा कापडात गुंडाळून बाईच्या पिशवीत घातला.

"राहू द्या घरी. काम पडते."

दार त्यानंच येऊन बसवलं. चौकटीत ते असं गच्च बसलं की वाराही आत शिरेना. राजदीप हाताची घडी घालून बघत उभा होता. दीपा, त्याची बायको, मिस्त्रीसाठी पाणी घेऊन आली. दीपाचं सगळं असंच, येता-जाता. चहा ती ओट्यापाशी उभ्यानं पिई आणि तोही अर्धा राही, कारण कुठूनतरी 'दीपा' किंवा 'मम्मी' अशी हाक येई. त्या दिवशी पेला परत घ्यायला थांबली तेव्हा तिनं दारावरून तळहात फिरवला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. नवऱ्यानं पाहिलं तसा हात पदरात गेला.

भागीरथाबाईचे दिवस बदलले. दुपारी जेवण झालं की ती आत जाई, खांद्यानं दार रेटी, कडी लावी. बाहेर गिऱ्हाईक बियाण्याच्या पिशवीवरून कितीही घासाघीस करो, तिचे तळपाय आता तिचे होते. राजदीप सुरुवातीला दर थोड्या वेळानं दारावर टकटक करी.

"आई, हायेस नं?"

"नाही. मुंबईले गेली."

मग त्यानं टकटक सोडली. पण दाराकडं बघायचं सोडलं नाही.

भादव्यात सलग झड लागली. भिंतींना घाम आला, मिठाची बरणी पाझरली. एका दुपारी भागीरथाबाईनं नेहमीसारखा खांदा मारला, दार ठप्प करून बसलं, आणि घटकाभरानं न्हाणीत जायला म्हणून ती उठली तेव्हा ते हललं नाही.

तिनं कडी पाहिली. कडी तर तिनं काढली होती. दोन्ही हातांनी मूठ धरून ओढली. चौकटीला पाय लावून ओढली. मुठीचा एक स्क्रू निघून टणकन फरशीवर पडला आणि बाजेखाली गेला. बाई बाजेच्या कडेवर बसली. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

न्हाणीची निकड वाढत होती. तिनं गुडघे जवळ घेतले. घड्याळाकडं बघायचं टाळलं.

"आई, चहा आनला." बाहेरून दीपा.

"ठेव तिथंसा."

"थंडा होईन नं."

"होऊ दे."

कपबशी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. पावलं मात्र गेली नाहीत.

"आई, दार फसलं का?"

"दार कायले फसते? म्या लावलं."

"मंग उघडा."

भागीरथाबाईनं मुठीला हात घातला, ती सैल होऊन हलली.

"राजदीप कुठं हाये?" तिनं विचारलं.

"दुकानात. घंट्याभरात जेवाले येतीन."

स्वयंपाकघरात कुकर चुकचुकत होता.

"बाजूले व्हा, आई," दीपा म्हणाली.

तिचा पहिला धक्का हलका होता. दुसऱ्याला बिजागऱ्या करकरल्या. तिसऱ्याला दार फटकन उघडलं आणि दीपा त्याच्या मागोमाग आत येऊन सासूच्या अंगावर आदळली. बाहेर कपबशी कलंडली होती. चहा उंबऱ्यावरून आत आला. क्षणभर दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या, भांडायला उभ्या राहिल्यासारख्या. मग भागीरथाबाई हात सोडवून न्हाणीकडं पळाली.

परत आली तेव्हा चहा पुसलेला होता. दीपा खांदा चोळत दाराची कड बघत होती.

"सांगाचं असंल तं सांग त्याले," भागीरथाबाई म्हणाली. "म्या भेत नाही."

दीपानं ऐकलं की नाही कोण जाणे. ती वाकली आणि बाजेखालून आधी स्क्रू काढला, मग कापडात गुंडाळलेला रंधा. कापड सोडलं.

"हे कसं धरतात, आई?"

भागीरथाबाईनं तिच्याकडं पाहिलं. या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी दीपानं तिला कधी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. जे शिकवलं ते बाईनं न विचारता, आणि बरंचसं मोठ्या आवाजात.

"हा आंगठा इकडे. जोर नोको लाऊ. मी दार धरतो, तू चालव."

पहिल्या हाताला रंधा अडखळला. भागीरथाबाईचे शब्द जिभेवर आले होते. तिनं ते गिळले आणि सुनेचा तळहात धरून कडेवरून फिरवला.

"रेघ कुठं चालली पाह्य. तिच्या संगं जा. उलटं नोको."

पहिली ढलपी तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुसरी लांब निघाली, दीपाच्या मनगटावर गुंडाळली गेली. ती काढून टाकायची सोडून दीपा तिच्याकडं बघत राहिली. वरच्या टोकाला ती स्टुलावर चढली, खालच्या टोकाला भागीरथाबाई फतकल मारून बसली. मधेच दीपा म्हणाली, "घामानं हात घसरते," आणि बाईनं आपला पदर पुढं केला. हे आधी कधी झालं होतं का, ते दोघींनाही आठवलं नसतं.

दार लोटून पाहिलं. आता ते एका बोटानं जात होतं. चौकटीच्या कडेनं बारीक उजेड दिसत होता.

"फट पडली, आई."

"पडू दे. लाकडाले हवा लागते."

दीपानं मुठीचा स्क्रू घट्ट केला. मग दाराकडं न बघता, रंध्यावरचा भुसा झटकत म्हणाली,

"म्या लावून पाहू का? कडी बसते का ते."

"पाह्य."

भागीरथाबाई बाहेर आली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला, स्वच्छ, कुठं न अडकता.

"बसली नं?"

"बसली."

"मंग उघड."

काही झालं नाही. भागीरथाबाईनं कान दिला. आत ना बांगडी वाजली, ना पाऊल.

"दीपा?"

"जराश्यानं उघडलं तं चालन का, आई?"

आवाज नेहमीचाच होता. फक्त त्याला घाई नव्हती. घाई नसलेला तो आवाज भागीरथाबाईनं पहिल्यांदाच ऐकला.

तिनं दाराला लावलेला कान काढला. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. मग हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची फरफटत आणली, दाराला पाठ करून ठेवली आणि त्यावर मांडी ठोकून बसली. पायाशी ढलप्यांचा ढीग तसाच होता.

मोटरसायकल आली. राजदीप रुमालानं मान पुसत आत शिरला.

"दीपा, वाढ वं! अकोल्याचा मानूस बसला हाये दुकानात." मग त्याला खुर्ची दिसली, ढलप्या दिसल्या, बंद दार दिसलं. "तू बाहीर, मंग आंदर कोन? दीपा? फसली नं! म्या म्हनलं नव्हतं?" त्यानं रुमाल सोफ्यावर टाकला आणि खांदा पुढं करून आला. "सरक, आई."

"सरकत नाही. खांदा खाली कर. दार फसलं नाही, लावलं हाये."

"लावलं? दिवसा?"

"दिवसा."

"कायले?"

"ते आतल्याले माहीत."

राजदीपनं दारावर हात उगारला, टकटक करायला. भागीरथाबाईनं खुर्ची सोडली नाही. फक्त त्याच्या हाताकडं पाहत राहिली, लहानपणी त्यानं दुसऱ्याच्या झाडाच्या बोरांना हात लावला की पाहायची तसं. हात हवेत राहिला.

"बरं नाही का तिले? काही झालं का?"

"काही नाही झालं. भाकरी टोपल्यात हायेत, वरन गॅसवर हाये. हात धू आन् वाढून घे."

"मी वाढून घेऊ?"

"मंग काय अमरसिंगले बलाऊ?"

त्याची नजर फिरली. आईकडून दाराकडं, दाराकडून आईकडं. बारीक फटीतून पंख्याचा वारा त्याच्या पायावर येत होता. मग चपला काढून तो स्वयंपाकघरात गेला. झाकणं उघडल्याचा, चुकीचा डबा उघडून पुन्हा बंद केल्याचा आवाज आला.

"आई, ताटं कुठं असतात?"

"घर तुह्यं हाये नं? धुंड."

भांडं पडलं. भागीरथाबाई हलली नाही. तिच्या पाठीमागं, दाराच्या पलीकडं, बाज एकदा कुरकुरली. कोणीतरी पाय लांब केले.